दिवसभर माणसं लागणारी सासू, माणसांनी दमणारी सून : एका घराचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण छत्रपती संभाजीनगरातल्या एका टू बीएचके फ्लॅटमधलं आहे. मी समुपदेशनाचं काम करते. घरातल्या तिघांनीही हो म्हटल्यावरच हे लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नावं मुद्दाम कुणालाच दिली नाहीत. सासूबाईंना मी मावशी म्हणायचे, तेच इथं ठेवलंय. "बोलत नाही म्हणजे शिष्ट" आणि "सारखी माणसं गोळा करते म्हणजे रिकामटेकडी" ही दोन वाक्यं आपल्याकडच्या घरांमध्ये फार सहज बोलली जातात आणि त्यानं माणसं आतून तुटतात, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

मावशी साठीच्या आसपासच्या. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातलं गाव, सहा एकर रान, सोयाबीन आणि तूर, आणि रस्त्याला लागून घर. त्या घराचं दार सकाळी सडा टाकताना उघडायचं ते रात्री झोपतानाच लागायचं. गिरणीला जाणारी, एस्टीची वाट बघणारी, रानातून येणारी बाई ओसरीवर टेकणार, पाणी पिणार, दोन शब्द बोलणार आणि मग पुढं जाणार. कुणाची लेक माहेरी येऊन बसलीय, कुणाच्या पोराला नीटला किती मार्क पडले, कुणाची म्हैस व्याली, सगळं मावशींना आधी कळायचं, भांडण मिटवायलाही त्यांनाच बोलवायचे. मालक वारल्यावर मुलानं काही दिवस त्यांना तिथंच राहू दिलं, पण गुडघे दुखायला लागले, एकदा न्हाणीत पाय घसरला, मग त्यानं रान भावकीत बटईनं दिलं आणि आईला शहरात आणलं. आणताना औषधं, कपडे, देव सगळं आठवणीनं घेतलं. दिवसभर ओसरीवर येणारी माणसं काही सोबत आणता येत नव्हती, आणि त्याचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही आला नव्हता.

मुलगा वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला, शिफ्टची नोकरी. सून बँकेत, काऊंटरला. माहेर परभणीचं, एकुलती एक, वडील वाचनालयात नोकरीला. त्यांच्या घरी रात्री जेवणं झाली की तिघं आपापलं पुस्तक घेऊन बसायचे आणि त्यात कुणाला काही कमी वाटायचं नाही. नातू सात वर्षांचा, दुसरीत.

नेमकं काय बिनसलं

सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मावशी घरात एकट्या. पहिले दोन-तीन महिने त्यांनी टीव्ही बघून काढले, मग एक दिवस दार उघडं ठेवायला सुरुवात केली आणि महिनाभरात बिल्डिंगमधल्या निम्म्या बायकांशी ओळख झाली. बायकांना वेळ मिळायचा तो साडेपाचनंतर, त्यामुळं साडेपाच ते सात हॉलमध्ये पाच-सहा जणी बसलेल्या असायच्या. सून पावणेसातला यायची. दारातच चपला दिसल्या की तिच्या पोटात गोळा यायचा (हे तिनं नंतर सांगितलं). ती सगळ्यांकडं बघून हसायची, पाणी प्यायची, आत जाऊन दार लावून घ्यायची आणि अर्ध्या-पाऊण तासानं बाहेर येऊन कणीक मळायला घ्यायची. बायका काही बोलायच्या नाहीत पण एकमेकींकडं बघायच्या, आणि ते बघणं मावशींना टोचायचं.

हे वर्षभर चाललं. भांडण एकदाही झालं नाही, आणि माझ्या मते त्यानंच दुखणं वाढत गेलं.

मग संक्रांत आली. मावशींनी घरी हळदी-कुंकू ठेवलं, चाळीसेक बायकांना बोलावणं केलं, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या, सगळं सुनेच्या नावानं. वार होता कामाचा. सुनेनं "आई, रविवारी ठेवू" असं एकदा म्हटलं होतं पण हळू आवाजात, आणि मावशींनी ते ऐकलं नाही किंवा मनावर घेतलं नाही. त्या दिवशी बँकेत केवायसीची गर्दी होती, सून साडेसातला पोचली, साडी नेसून पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांना कुंकू लावलं, वाण दिलं आणि मग डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन लाईट बंद करून पडली. अजून दहा-बारा बायका यायच्या बाकी होत्या.

बाहेरून बघणाऱ्याला हा सरळसरळ सुनेचा उद्धटपणा वाटला असता. पण मावशींनी मला जे सांगितलं त्यानं सगळं प्रकरण वेगळंच दिसायला लागलं. त्या म्हणाल्या, "करंडा म्होरं हुता बाई, आन् मला हात लावता येईना. दारात आलेल्या बायांम्होरं मी नुस्ती हुबी. शेवटी शेजारनीला हाक मारली, म्हनलं तूच लाव माय." मालक गेल्यापासून मावशींना कुणाच्या हळदी-कुंकवाला बोलावणं नव्हतं, स्वतः करायचं तर प्रश्नच नाही. म्हणजे माणसांत राहण्याची भूक असलेल्या या बाईला बायकांच्या मेळाव्यात जायला सुनेशिवाय दुसरी वाटच उरली नव्हती, आणि नेमक्या त्याच वेळी सुनेनं आत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी गप्प झाल्या. जेवण निम्म्यावर आलं. "मला गावाकडं सोड," एवढंच मुलाला म्हणायच्या. मुलगा घाबरून माझ्याकडं आला, आणि त्याची मागणी होती : "मॅडम, बायकोला जरा बोलकं करा."

पहिला निर्णय : कुणाला भेटायचं आणि काय तपासायचं

मुलाचं ऐकून फक्त सुनेला बोलावलं असतं तर दोष तिचाच असं पहिल्याच दिवशी ठरून गेलं असतं. म्हणून तिघांना वेगवेगळं भेटायचं ठरलं, आणि सगळ्यात आधी मावशींना, कारण जेवण कमी झालेलं माणूस आधी बघायचं असतं.

मावशींच्या बाबतीत शंका नैराश्याची होती. मन सतत उदास, कशातच गोडी नाही, झोप-भूक बिघडलेली, हे जवळजवळ रोज आणि दोन आठवडे किंवा जास्त टिकलं तर ते गंभीरपणे घ्यावं लागतं, आणि वैधव्य, गाव सुटणं, गुडघेदुखी ही सगळी कारणं हजर होती. त्यांना डॉक्टरांकडं पाठवून थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, शुगर बघून घेतलं, त्यात काही विशेष निघालं नाही. पण त्याच दरम्यान त्यांची बहीण लातूरहून चार दिवस राहायला आली आणि त्या चार दिवसांत मावशी दोन-दोन भाकरी खाऊन, रात्री अकरापर्यंत गप्पा मारून गाढ झोपल्या. बहीण गेली की परत तेच. नुसत्या एवढ्यावरून नैराश्य नाही असं म्हणता येत नाही, म्हणून लक्ष ठेवलंच, पण माणसं मिळाली की बाई उभी राहते हे स्पष्ट दिसत होतं.

सुनेच्या बाबतीत प्रश्न होता की ही भीती आहे की दमणं आहे. हा फरक फार महत्त्वाचा आहे आणि लोक तो करत नाहीत. लोक काय म्हणतील या धास्तीनं छातीत धडधडणं, चार माणसांत बोलायची वेळ टाळणं, त्यापायी नोकरी-शिक्षण अडणं, याला सामाजिक भयगंड म्हणतात आणि त्यावर उपचार लागतात. बुजरेपणातही थोडी धास्ती असते, पण तो आजार नव्हे. अंतर्मुख, म्हणजे इंट्रोव्हर्ट, असणं वेगळं, त्यात भीती असेलच असं नाही. सून काऊंटरला दिवसभर शेकडो लोकांशी नीट बोलते, चिडलेल्या ग्राहकाला शांत करते, ब्रँचच्या ट्रेनिंगमध्ये उभं राहून बोललेली आहे. ती म्हणाली, "मला भीती कुणाचीच वाटत नाही हो. दिवसभर हसून बोलून झालेलं असतं. घरी आल्यावर अर्धा तास कुणी काही विचारू नये एवढंच वाटतं. मग मी ठीक असते." ही शेवटची ओळ मी वहीत दोनदा खाली रेघ मारून ठेवली. कारण अर्ध्या तासानं ती खरंच ठीक असायची, बाहेर येऊन स्वयंपाक करायची, पण तोपर्यंत बायका उठून गेलेल्या असायच्या. तिचं ठीक झालेलं रूप बिल्डिंगमध्ये कुणी बघितलंच नव्हतं.

स्वभावाबद्दल घरच्यांना काय सांगितलं

थोडक्यात सांगते, कारण मुलानं विचारलं होतं की हे इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्ट म्हणजे मोबाईलवरचं फॅड आहे का. नाही. कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञानं 1921 साली हे शब्द रूढ केले, त्याच्या मते प्रश्न मनाचा ओढा बाहेरच्या जगाकडं की आतल्या, असा होता. पुढं हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञानं 1967 मध्ये मांडलं की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, त्यामुळं आवाज-गर्दी त्याला लवकर जड होते, आणि बहिर्मुखाला उलट बाहेरून चेतना लागते. ही मांडणी जशीच्या तशी आज कुणी धरत नाही, पण रोजच्या अनुभवाशी तिचा मेळ लागतो. आज मानसशास्त्रात बहिर्मुखता हा स्वभावाच्या पाच मोठ्या गुणांपैकी एक मानतात आणि ती कमी-जास्त अशी मोजतात, दोन डबे करून नाही. बहुतेक माणसं मध्येच कुठंतरी असतात. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतल्या या फरकात साधारण निम्मा वाटा अनुवंशाचा असतो. म्हणजे सांगून-रागवून स्वभाव पालटेल ही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

मुलाचा मुद्दा होता की सवय लावली तर बायको बोलकी होईल. यावर मेलबर्नच्या संशोधकांचा 2019 मधला एक प्रयोग सांगितला. लोकांना आठवडाभर मुद्दाम बहिर्मुखासारखं वागायला सांगितलं होतं. एकूण बघता लोकांचा मूड सुधारला, पण जे मुळात जास्त अंतर्मुख होते त्यांना फायदा कमी झाला आणि थकवा, नकारात्मक भावना जास्त जाणवल्या. सून हेच दिवसातले सात-आठ तास नोकरीसाठी करत होती. घरी आल्यावर अजून एक तास वाढवा म्हणणं म्हणजे काय, हे त्याला तेव्हा उमगलं.

आणि एक गोष्ट मी त्याला स्पष्ट बोलले. तोही कामावरून आला की मोबाईल घेऊन गॅलरीत बसतो, पाहुण्यांशी "काय, बरंय ना" एवढंच बोलतो. त्याच्याबद्दल मावशी काय म्हणतात? "माझा लेक लई गरीब, कुनाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई." तेवढंच गप्प राहणारी सून मात्र शिष्ट, माणूसघाणी. आपल्याकडं गप्प पुरुषाला समंजस म्हणतात आणि गप्प सुनेला गर्विष्ठ, कारण घर बोलतं ठेवायचं, पाहुण्याला हवं-नको बघायचं काम बाईचं धरलेलं आहे. स्वभावाचा म्हणून जो वाद समोर येतो त्यात निम्मा वाद या कामाच्या वाटणीचा असतो. ते त्याला रुचलं नाही, पण तो उठून गेला नाही.

समोर असलेले पर्याय

मुलाचा पर्याय : सुनेनं रोज आल्याबरोबर अर्धा तास बाहेर बसायचं. दिसायला सोपा, पण त्यानं तिचा थकवा रात्रीवर ढकलला जाणार आणि तो कुठंतरी फुटणार, बहुधा लेकरावर.

मावशींचा पर्याय : गावाकडं जाऊन राहणं. हा मला वाटला तेवढा वेडा नव्हता. माणसं तिथं होती. पण न्हाणीत पडण्याचा धोका, रात्री एकटं, आणि शहरातून गाव गाठायचं तर एस्टीत अख्खा दिवस मोडतो. शिवाय मावशी रागात म्हणत होत्या, आणि रागात गेलेलं माणूस गावात "सुनेनं हाकललं" हे सांगतच जातं, मग परतीची वाट बंद होते.

सुनेचा पर्याय, जो तिनं फार दबकत सांगितला : बायकांनी घरी येऊच नये. तिच्या बाजूनं समजण्यासारखं, पण मावशींसाठी ते श्वास कोंडण्यासारखं झालं असतं.

जवळच एक खोली भाड्यानं घेऊन मावशींना तिथं ठेवायचं, हेही निघालं. पैशांचं जमलं असतं पण मावशींनी "लोक काय म्हनतील" म्हणून आणि सुनेनं "आईंना वेगळं काढल्यासारखं होईल" म्हणून एकाच दिवशी नकार दिला. दोघींचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

यातला कुठलाही पर्याय लगेच न निवडता आधी दिवस कसा जातो ते बघायचं ठरलं, आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिथंच वळलं. आठवडाभर दोघींनी नोंद ठेवली, कोणत्या तासाला बरं वाटलं, कोणत्या तासाला नको झालं. मावशींचं नातवानं लिहून घेतलं, त्याला ते काम फार आवडलं. नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसलं की मावशींचा सगळ्यात वाईट वेळ दुपारी बारा ते चार, आणि सुनेचा पावणेसात ते साडेसात. दोघींच्या गरजा एकमेकींच्या वेळेत येतच नव्हत्या! बायका संध्याकाळी यायच्या कारण त्यांना तेव्हा मोकळीक होती, मावशींना तेव्हाच हव्या होत्या असं नाही.

काय केलं

जवळच्या मारुतीच्या देवळात दुपारी तीनला बायकांचं भजन असायचं. मावशींना गौळणी तोंडपाठ, पण शहरात ओळख नसताना आपण होऊन कसं जायचं म्हणून त्या अडलेल्या. शेजारणीनं पहिल्या दिवशी सोबत नेलं, आठ दिवसांत मावशी पुढं बसून गायला लागल्या. बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी, ज्यांची लेकरं मोठी आहेत, दुपारी हॉलमध्ये यायला लागल्या. संध्याकाळची बैठक साडेसहाला उठायची असं ठरलं.

आता हे बायकांना सांगायचं कुणी, हा खरा अवघड प्रश्न होता. सुनेनं सांगितलं असतं तर ते हाकलणं झालं असतं, मुलानं सांगितलं असतं तर "बायकोचं ऐकतो" झालं असतं. मावशींनीच सांगावं असं ठरलं, आणि त्यांना ते पटायला वेळ लागला. पण एकदा मनावर घेतल्यावर त्यांनी ते आपल्या पद्धतीनं केलं : "सून बँकेत दिवसभर मानसं बघून दमून येती, तिला जरा टेकू द्या, आपुन उठावं." सासूच्या तोंडून सुनेची बाजू निघाल्यावर बिल्डिंगमधलं बोलणं जे बदललं, ते आम्ही कितीही समजावून बदललं नसतं.

सुनेच्या बाजूनं एकच गोष्ट मागितली. आत जाताना नुसतं हसून जायचं नाही, "आई, मी पडते जरा, साडेसातला येते" असं तोंडानं सांगायचं. बंद दाराचा अर्थ समोरच्याला लावायला सोडला की तो वाईटच लागतो. आणि साडेसातला भाकरी दोघींनी मिळून करायच्या, मावशी थापणार, सून भाजणार.

या भाकरीच्या तासात एक गोष्ट उघड झाली. सून हातात काम असलं आणि समोर एकच माणूस असलं की छान बोलते. बँकेत आलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट, परभणीच्या आजीची गोष्ट, सगळं. मावशी मला म्हणाल्या, "घोळक्यात तिचं तोंड उघडत न्हाई, एकटीला धरलं की बोलती." वर्षभर एका छपराखाली राहून हे कळलं नव्हतं, कारण दोघी एकमेकींना भेटत होत्या त्या फक्त घोळक्यात.

मध्येच दोनदा बिघडलं

मार्च एंडला सून रात्री नऊ-दहाला यायला लागली आणि भाकरीचा तास बंद पडला. मावशी परत कमी बोलायला लागल्या. इथं मुलाची पाळी होती. पहिल्या शिफ्टहून तो चारला घरी यायचा. त्यानं मोबाईल बाजूला ठेवून आईसोबत चहा घ्यायचा, संध्याकाळी दहा मिनिटं खाली फिरवून आणायचं, असं ठरलं. सुरुवातीला त्याला काय बोलावं सुचायचं नाही. मग त्यानं रानाचा विषय काढायला सुरुवात केली, बटईचा हिशोब, यंदा तूर किती लावायची, आणि त्यावर मावशी तासभर बोलू शकतात.

दुसऱ्यांदा बिघडलं मे महिन्यात, पारा चाळीसच्या वर, भजनाला दुपारी कुणी येईना, दोघी बायका माहेरी गेलेल्या. पण त्याचा उपाय मावशींनी स्वतःच काढला. सकाळी सहाला गच्चीवर कुरडया, पापड्या, शेवया, आख्ख्या बिल्डिंगचं वाळवण. दहा वाजेपर्यंत बायका वर, आणि सूनही कामावर जायच्या आधी अर्धा तास चीक घाटायला जायची. हे तिनं आपण होऊन केलं, तिथं बसून बोलायचं बंधन नव्हतं म्हणून.

नातवाचं

शाळेतून निरोप आला होता की वर्गात बोलत नाही. घरात, पाहुण्यांत सगळे त्याच्यासमोरच म्हणायचे, "आईवर गेलाय, घुमा आहे." हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांवर अभ्यास केला होता. साधारण पाचातलं एक बाळ नवीन आवाज, नवीन वस्तू बघून जास्त अस्वस्थ होतं आणि अशी मुलं पुढं जास्त सावध, बुजरी होण्याची शक्यता असते, पण त्यातली सगळी काही तशी राहत नाहीत. म्हणून लेकराला शिक्का मारायची घाई करू नये. घरात एवढंच केलं की त्याच्यासमोर हा शब्द बंद. आणि बाईंना विनंती केली की एकदम उभं करून विचारण्याऐवजी आधी दोघा-दोघांच्या जोडीत बोलू द्या. तो आता बोलतो, थोडं, पण बोलतो.

वेळअमावस्या

खरी परीक्षा गावात होती. लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायला नको, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्याकडं येळवस म्हणतात, लातूर शहरात रस्ते ओस पडतात आणि सगळी माणसं रानात. कडब्याची कोपी, त्यात पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, उंडे, आणि ओळखीचा-बिनओळखीचा कुणीही जेवायला. सुनेला या दिवसाची दरवर्षी धास्ती असायची, पन्नास-साठ माणसं आणि पळायला जागा नाही.

यावेळी आधीच ठरवलं. सुनेनं स्वतः भज्जीची चूल मागितली, कारण चुलीजवळ माणूस असलं की त्याला कुणी "बस की गं, बोल की" म्हणत नाही. जेवणं झाली की लेकराला घेऊन बांधाच्या कडंनं विहिरीपर्यंत फिरून यायचं, आणि मावशींना हे माहीत असणार. दुपारी एका चुलत सासूनं विचारलंच, "सून मुकी हाय का गं?" मावशी म्हणाल्या, "मुकी कशाची, भज्जी कुनी केली इचार तिला, समदं सांगती." बाई खरंच चुलीजवळ जाऊन बसली आणि दोघींचं अर्धा तास चाललं.

आज कसं आहे

सगळं गोड झालेलं नाही. मावशी अजूनही म्हणतात की माणसात मिसळल्याशिवाय माणूस कसलं, आणि सुनेचा अर्धा तास त्यांनी मान्य केलाय, त्याचं कारण त्यांना आतून पटलंय असं मला वाटत नाही. सणाच्या दिवसांत सून अजूनही आजारी पडल्यासारखी होते. मावशी पेरणीला आणि सोयाबीनच्या राशीला पंधरा-पंधरा दिवस गावी जातात, सोबतीला पुतणी झोपायला असते, न्हाणीत धरायला दांडा बसवलाय. यावर्षी संक्रांतीला रविवारी दुपारी तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला, ज्यात कुंकवाचा करंडा सगळ्यांसमोर ठेवला होता, जिला लावायचं तिनं लावून घ्यावं, आणि वाण मावशींनी स्वतःच्या हातानं दिलं. दोन बायका याच कारणानं आल्या नाहीत. मावशींनी ते मनाला लावून घेतलं नाही म्हणाल्या, पण त्या दोघींची नावं मला त्यांनी दोनदा सांगितली.

न सुटलेला प्रश्न अचानक येणाऱ्या पाहुण्यांचा. गावाकडून कुणी खंडपीठात तारखेला येतं, कुणी कॅन्सर हॉस्पिटलला दाखवायला, कुणाच्या लेकराची परीक्षा असते, आणि फोन न करता आलेलं माणूस चार दिवस राहतं. त्याला नाही म्हणायचं नाही हे तिघांनाही मान्य आहे, दवाखान्याला आलेल्या माणसाला लॉजवर पाठवणं आपल्यात बसत नाही. सध्या एवढं ठरलंय की पाहुणा आला की चहापाणी, अंथरूण-पांघरूण मुलगा बघणार आणि सुनेची खोली पाहुण्याला द्यायची नाही. मुलगा हे पाळतो, पण पाहुणेच अवघडतात, "सून कुठाय" विचारतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, मावशींना गावाहून आणताना त्यांचा दिवस कसा जातो हे कुणीतरी विचारायला हवं होतं. घर, औषध, जेवण याची सोय झाली म्हणजे माणसाची सोय झाली असं बहिर्मुख माणसाच्या बाबतीत तर अजिबात होत नाही. देवळातलं भजन पहिल्याच महिन्यात सापडलं असतं तर संध्याकाळची बैठक एवढी ताणली गेली नसती.

हळदी-कुंकवाच्या वेळी सुनेनं "रविवारी ठेवू" हे एकदाच, हळू म्हटलं. अंतर्मुख माणसं पुष्कळदा एकदा सांगून थांबतात आणि समोरच्यानं ऐकलं असं धरून चालतात. बोलक्या माणसाला पहिल्यांदा म्हटलेलं नुसतं बोलणं वाटतं, तिसऱ्यांदा म्हटलं की ते खरं वाटतं. सुनेनं ते ठामपणे सांगायला हवं होतं, आणि तिचं हळू बोलणं ठाऊक असलेल्या नवऱ्यानं ते उचलून धरायला हवं होतं. तो तेव्हा तिथंच बसला होता.

समुपदेशनाच्या बाजूनं, नवी घडी मार्चच्या तोंडावर बसवायला घेतली ती एप्रिलपर्यंत थांबवता आली असती, बँकेतल्या माणसाचा मार्च कसा असतो हे ठाऊक असल्यामुळं. पण मावशींचं जेवण उतरलेलं होतं, म्हणून थांबणं जोखमीचं वाटलं. हा निर्णय मी आजही असाच घेईन, फक्त मुलाला पहिल्या आठवड्यापासून कामाला लावीन.

आता मुलाची बदली पुण्याकडच्या प्लँटला होण्याची चिन्हं आहेत. फ्लॅट बघायला सुरुवात झालीय, आणि यावेळी मावशींनी दलालाला फोनवर पहिला प्रश्न विचारला तो खाली बायकांना बसायला जागा आहे का, आणि सुनेनं विचारला तो बेडरूमचं दार हॉलच्या समोर येतं की आडोशाला.